सनईमागचा आवाज

रामकिसनरावांचे पत्र आप्पासाहेबांकडे उन्हाळ्यात आले होते, आणि आता दिवाळी होऊन गेली तरी त्याला उत्तर गेले नव्हते. पत्र साधेच होते. सोबत 'चंद्र माझ्या बांधावर' हा रामकिसनरावांनी स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह होता. "आपली सगळी हयात ग्रंथालयात गेली आहे. तेव्हा परखड अभिप्राय कळवावा. खोटी स्तुती नको," एवढीच विनंती होती. दुसऱ्या कुणाचे पत्र असते तर "संग्रह मिळाला, आनंद झाला" असे लिहून आप्पासाहेब मोकळे झाले असते. पण रामकिसनराव हे शिवमचे आजोबा होते, आणि शिवमशी आप्पासाहेबांच्या नातीचे, श्रेयाचे, लग्न ठरले होते.

शिवाय रामकिसनरावांची एक गोष्ट फुलंब्रीकडे सगळ्यांना माहीत होती. आपल्या पुतण्याची जुळत आलेली सोयरीक त्यांनी मोडली होती, कारण त्यांची कविता चालू असताना मुलीचा मामा बसल्या जागी घोरू लागला होता.

"आजोबा, काय लिहायचं ते लिहा," श्रेया म्हणाली होती. वाळूजच्या कंपनीत ती आणि शिवम शेजारच्या टेबलांवर बसत. "फक्त त्यांना दुखवू नका. आणि खोटं पण लिहू नका हं, त्यांना लगेच कळतं."

या दोन अटींच्या मधून जाणारी वाट काही आप्पासाहेबांना सापडेना. ते कागद घेऊन बसत, "सप्रेम नमस्कार" लिहीत आणि चहा मागत.

तेवढ्यात साखरपुडा ठरला आणि सनईचे काम त्यांच्यावर आले. त्यांच्या मुलाच्या, गोकुळच्या, मित्राकडच्या लग्नात नेटवरून सनई लावली होती, आणि नेमक्या अक्षता पडताना सनई थांबून मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात लागली होती. तेव्हापासून गोकुळने धसका घेतला होता.

"बाबा, तुमच्याकडं त्या जुन्या कॅसेटी आहेत ना? त्याच फोनमध्ये घ्या. आपण पेनड्राइव्हच लावू. जाहिरातीची भानगडच नको."

आप्पासाहेबांनी काम मन लावून केले. उस्मानपुऱ्यातल्या घरात ते रोज सकाळी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवत, समोर फोन उभा करत आणि श्वास रोखून बसत. शेवटच्या कॅसेटच्या वेळी त्यांच्या पत्नी सरूबाईंनी कुकर लावला होता. कॅसेट संपली, वरण-भात झाला, सरूबाई भजनाला गेल्या. घरात कुणी नव्हते. फोन हातातच होता. आप्पासाहेबांना वाटले, रामकिसनरावांना काय लिहायचे ते एकदा फोनमध्ये बोलून तरी पाहावे. मग ऐकून ऐकून सौम्य करता येईल.

आणि ते बोलले. चारचौघांत "हो" आणि "नको" यापलीकडे न जाणारा हा माणूस रिकाम्या घरात असा काही बोलला की खिडकीतली चिमणी उडून गेली. बोलणे संपल्यावर आपणच हे बोललो याची त्यांना इतकी भीती वाटली की ते ऐकायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते याह्याच्या मोबाइलच्या दुकानात गेले. याह्याने फोन आणि पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावले.

"चाचा, इसमें तो नाम नई हैं, खाली तारीखां हैं. सब डाल दूं?"

मागे दोन गिऱ्हाइके उभी होती. त्यांचा खोळंबा नको म्हणून आप्पासाहेब म्हणाले, "हो, सगळं." ग्रंथालयात सनई एका कपाटात असे आणि पत्रव्यवहार दुसऱ्या कपाटात. फोनमध्येही तसेच असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच आली नाही.

साखरपुडा पडेगावला, दौलताबाद रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होता. आप्पासाहेबांना व्यासपीठावर रामकिसनरावांच्या शेजारच्या सोफ्यावर बसवले. सनई सुरू झाली. साऱ्या हॉलमध्ये ती ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो आप्पासाहेब. बाकीचे एकमेकांना ऊस, प्लॉट आणि गुडघे यांबद्दल ओरडून सांगत होते. सनईमुळे त्यांना जरा जास्त ओरडावे लागत होते, इतकेच.

पहिली सनई संपली. क्षणभर खरखर झाली. मग भिंतीवरच्या दोन मोठ्या स्पीकरमधून एक घाबरलेला आवाज आला :

"चालू झालं का हे? सरू, हे बघ लाल झालं."

आप्पासाहेब सोफ्यात ताठ झाले. तो त्यांचाच आवाज होता. पहिल्या दिवशी फोन कसा चालतो ते पाहताना घेतलेला. म्हणजे सनईच्या कपाटात सनईशिवायही काही होते. म्हणजे सगळेच होते! त्यांनी हळूच शेजारी पाहिले. रामकिसनराव फेट्याचा शेमला नीट करत होते. हॉलमध्ये एकही मान वळली नव्हती. दुसरी सनई सुरू झाली.

आपण बोललेले एकेक वाक्य आप्पासाहेबांना आठवू लागले, आणि प्रत्येक वाक्यासरशी खाली नटून बसलेली श्रेया त्यांना अधिकाधिक लहान दिसू लागली. "जरा जाऊन येतो," असे ओठांतल्या ओठांत पुटपुटून ते उठले.

साउंडवाला कडूबा व्यासपीठाच्या मागे, जिन्याखाली आपले मशीन घेऊन बसला होता.

"ते... पेनड्राइव्ह... जरा काढता का?" आप्पासाहेब म्हणाले.

"काका, आता नाय जमत. ह्याच मशिनीत मायक बी हाय. पेनड्राइव्ह मधी वढला की समदं गप व्हतं. मागल्या बारीला असंच झालं, नवरदेवाचा बाप मायकवर हात हलवत उभा राह्यला, अन् अर्ध्या घंट्यानं आवाज आला."

"मग पुढचं लावा. एक सोडून पुढचं."

"पुढं करायचं बटन दाबलं की आतच अडकून राहतं, मंग समदी गानी सुसाट पुढं पळतेत." कडूबाने बटण दाबून दाखवायला बोट पुढे केले. आप्पासाहेबांनी घाईने त्याचा हात धरला. "अहो, घाबरता कशाला? कोन ऐकतंय? तिकडं एका लग्नात चुकून दहाव्याचं कीर्तन लागलं व्हतं. नश्वर देह, नश्वर देह. लोकांनी दोन दोन बारी जिलबी घेतली."

"त्यात माझं... जरा खाजगी आहे."

कडूबाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग त्याचे डोळे चमकले.

"खाजगी? काका, तुमचं? मंग तर ऐकायलाच पायजे!" आणि त्याने आवाजाची खुंटी थोडी वर केली.

हॉलमध्ये न ऐकणारी चारशे माणसे होती. ऐकणारा एक माणूस आप्पासाहेबांनी स्वतःच तयार केला होता.

इतक्यात सनई एकदम बारीक झाली. आप्पासाहेब दचकले. "हे कसं झालं?"

"मायकवर कुनी बोलाया लागलं की गानं आपसूक खाली बसतं. मानूस गप झाला की वर. नवीन सिस्टीम हाय," कडूबा अभिमानाने म्हणाला.

व्यासपीठावर शिवमचे काका विश्वजीत यांनी माइक हातात घेतला होता. पाहुण्यांच्या सत्काराला सुरुवात झाली होती. एकेकाचे नाव, गाव आणि हुद्दा पुकारायचा, मग त्याला टोपी आणि टॉवेल द्यायचा. आप्पासाहेबांना हे टोपी-टॉवेलचे प्रकरण जन्मभर कंटाळवाणे वाटत आले होते. आज मात्र त्यांना त्यात आशा दिसली. विश्वजीतराव बोलत राहिले तर मागचे काही ऐकू येणार नव्हते. ते परत सोफ्यावर येऊन बसले आणि सत्कार लांबावेत म्हणून मनोभावे प्रार्थना करू लागले.

पण स्वयंपाकाकडून निरोप आला की पुऱ्या गार होत आहेत. विश्वजीतराव घाई करू लागले. "यानंतर शेवटचे तीन सत्कार," असे त्यांनी जाहीर केले आणि श्वास घ्यायला थांबले. त्या फटीत सनई वर आली, आणि सनईमागून कुकरची शिट्टी.

पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "भात झाला वाटतं," आणि पदर सावरून जेवणाच्या दिशेने निघाली.

कुकर म्हणजे शेवटची कॅसेट. शेवटची कॅसेट म्हणजे त्यानंतर ते बोलणे. आप्पासाहेब उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाची तरी बाही धरून कार्यक्रम थांबवला.

"विश्वजीतराव, आमचे... ते पिवळ्या फेट्याचे पाहुणे राहिले."

"राहिले का? बरं झालं सांगितलंत!" विश्वजीतरावांच्या दृष्टीने सत्कार राहणे हे मोठे पाप होते. पिवळ्या फेट्याचे गृहस्थ आले. त्यांच्या काखेत आधीच एक टॉवेल होता.

"आणि ते खांबाजवळचे."

खांबाजवळचे आले. ते आचारी होते. त्यांनी पिठाच्या हातांनी टोपी घेतली आणि गहिवरून रामकिसनरावांच्या पाया पडले. मग दाराजवळचे झाले. ते शेजारच्या हॉलमधल्या बारशाला आलेले होते. पण नाव विचारल्यावर त्यांनी सांगितले आणि टोपी घालून तिथेच बसले. पिवळ्या फेट्याचे गृहस्थ तिसऱ्यांदा आले तेव्हा मात्र विश्वजीतरावांना टॉवेल सापडेना.

"टॉवेल संपले," ते खिन्नपणे म्हणाले. "आप्पासाहेब, तुमच्याकडची माणसं लई मानाची हो." आणि त्यांनी माइक स्टँडला लावला.

सनई संपली. खरखर झाली. कुणीतरी घसा साफ केला आणि भिंतीवरून एक खणखणीत आवाज हॉलभर पसरला :

"आपला संग्रह मी तीनदा वाचला. पहिल्यांदा आदराने, दुसऱ्यांदा संशयाने..."

आपण माइकपर्यंत कसे पोहोचलो हे आप्पासाहेबांना नंतर कधीच आठवले नाही.

"मी," ते म्हणाले. भिंतीवरचा आवाज खाली बसला. "मी... म्हणजे... आपण सगळे..."

गोकुळने तोंडाचा आ केला. सरूबाईंनी हातातली आरती खाली ठेवली. आप्पासाहेब भाषण करत होते! पुढचा शब्द सुचेना. ते थांबले. लगेच भिंत बोलू लागली :

"...दर पानावर चंद्र. अहो, अमावास्येला तरी त्याला रजा द्या..."

"श्रेया!" आप्पासाहेब ओरडले. "शिवम! तुम्हाला... तुम्हाला सांगायचं म्हणजे..."

काय सांगायचे? त्यांना फक्त एक गोष्ट न अडखळता पाठ होती. ती त्यांच्या ग्रंथालयात दाराशेजारी पाटीवर लिहिलेली असे. दुसरा इलाज नव्हता.

"घेतलेलं जपून वापरावं," ते म्हणाले. "पानं दुमडू नयेत. त्यावर आपलं नाव लिहू नये, खुणा करू नयेत. आपलं दुसऱ्याला परस्पर देऊ नये."

हॉलमध्ये कुणीतरी हसले. आप्पासाहेब दम घ्यायला थांबले.

"...केवळ यमक जुळावं म्हणून बैलाचं नाव बदललंत, हे मला बैलाच्या बाजूनं पटलं नाही..."

"काही हरवलं तर लगेच सांगावं, लपवू नये!" आप्पासाहेब घाईघाईने म्हणाले. "मोठ्यानं बोलू नये!"

याला बायकांकडून टाळ्या पडल्या. सरूबाईंच्या बहिणीने डोळे पुसले. "किती मोलाचं बोलले," ती म्हणाली. आप्पासाहेब घाम पुसत उभे होते. ते नियम दोनदा म्हणून झाले, मग सुट्टीचे दिवस सांगून झाले, मग वर्गणी. दर थांब्याला भिंतीवरचा माणूस आणखी एखादे वाक्य टाकून घेत होता. तो अडखळत नव्हता. तो कुणाला घाबरत नव्हता. आप्पासाहेबांना त्याचा मनापासून राग आला.

अखेर एका थांब्याला भिंतीवरून काहीच आले नाही. पेनड्राइव्ह संपला होता. आप्पासाहेबांनी माइक सोडला आणि ते सोफ्यावर बसले. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी "जेवायला चला" म्हणाले आणि चारशे माणसे एकदम उठली.

कडूबा जिलबी खात भेटला. "काका, ते खाजगी कधी लागनार व्हतं? मी लई येळ कान लावून बसलो. मधी कुनाचं तरी भाषनच चालू व्हतं," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला.

सरूबाई जवळ आल्या. "बरं बोललात हो. पण मधी मधी रेडिओ लागला व्हता का? कोण बोलत व्हता, लई भारदस्त आवाज."

"भारदस्त?"

"व्हय. ऐकत राहावं असा."

पन्नास वर्षांच्या संसारात सरूबाईंनी आपल्या आवाजाला काही म्हटल्याचे आप्पासाहेबांना आठवत नव्हते. सुटकेबरोबरच आणखीही काहीतरी त्यांना वाटले, आणि त्याचे काय करावे ते न कळल्यामुळे त्यांनी मठ्ठा प्यायला.

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच शेजारची खुर्ची सरकली. रामकिसनराव ताट घेऊन बसले. त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"आप्पासाहेब, एक विचारू का? तुम्ही बोलत व्हता तवा मागं काहीतरी चालू व्हतं. तुम्ही ऐकलं का?"

आप्पासाहेबांच्या हातातली पुरी ताटात पडली. त्यांनी श्रेयाकडे पाहिले. ती लांब उभी राहून शिवमला घास भरवत होती आणि फोटोवाल्यासाठी तो पुन्हा भरवत होती.

"मी... म्हणजे..."

"तुमचं भाषण मधी मधी यायचं म्हणून नीट लागंना. राग मानू नका. पण मी शब्द न् शब्द ऐकला. मला सवय हाय. मी कविता वाचताना लोकं काय कुजबुजतेत ते सगळं मला ऐकू येतं." त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला. "कवितेवर बोलत व्हता तो माणूस. काय बोलला हो! एकेका कवीला असा सोलला. चंद्राचं ते ऐकलं?"

"चंद्राचं..." आप्पासाहेबांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

"दर पानावर चंद्र म्हणे. खरंय त्याचं! आजकाल कुणीबी उठतो न् चंद्र आणतो. आता चंद्र माझ्याकडं बी हाय, पण माझा बांधावरचा. त्यो येगळा. त्याला काम हाय तिथं. अन् ते बैलाचं! कोण गाढव असंल तो, यमकासाठी बैलाचं नाव बदलणारा? मी बदललं, पण आमचा बैल खरंच दोन नावांचा व्हता."

आप्पासाहेबांनी खालमानेने पुरीचे बारीक बारीक तुकडे केले.

"पण शेवटी काय झालं सांगतो." रामकिसनराव आणखी जवळ सरकले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "शेवटी तो एका कवितेबद्दल बोलला. रात्रीची लाइट येती, बाप अंधारात विहिरीवरची मोटार चालू कराया उठतो, पोरगं झोपेचं सोंग घेऊन पडून राहतं. त्यो म्हणला, ही वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिलो. आप्पासाहेब, ती माझी हाय! तेवढी एक माझी! बाकीच्या कुणाकुणाच्या कोण जाणे, पण त्या मोठ्या माणसाच्या हातात माझी ती कविता कुठनं तरी गेली. तवापासून माझा घास उतरंना."

आप्पासाहेबांनी प्रथमच वर पाहिले. रामकिसनरावांच्या ताटातले खरोखरच काही हलले नव्हते.

"ती चांगलीच आहे," आप्पासाहेब म्हणाले. अडखळले नाहीत.

"आहे ना? बास. मग आता तुमचं पत्र येऊ द्या. लग्नाच्या आधी आलं पायजे हं, मी वाट बघून थकलो. अन् हातचं राखून लिहू नका. त्या माणसासारखं लिहा. लिहिताना भ्यायचं नाय." ते उठले, दोन पावले गेले आणि परत आले. "वाईट वाटून घेऊ नका, पण बोलावं कसं ते बी त्याच्याकडनंच शिका."

घरी आल्यावर आप्पासाहेब तीन दिवस भीत राहिले. खरे लिहावे तर ते रामकिसनरावांनी ऐकलेले होते आणि दुसऱ्यांच्या नावावर घालून टाकले होते. खोटे लिहावे तर ते त्यांना लगेच कळणार होते. चौथ्या दिवशी त्यांनी एक छोटे पत्र लिहिले :

"सप्रेम नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. साखरपुड्याच्या दिवशी आपण ज्या गृहस्थांचे बोलणे लक्ष देऊन ऐकलेत, त्यांच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. आपल्या संग्रहाबद्दल त्याहून वेगळे मला काही म्हणायचे नाही. मोटारीवरच्या कवितेबद्दल तर मुळीच नाही."

सरूबाईंनी चष्मा लावून ते वाचले. "एवढंच? यात त्यांच्या पुस्तकाचं कुठं काय हाय?"

"सगळं आहे."

"मंग लग्न मोडायचे नाहीत ना हो ते?"

"माहीत नाही," आप्पासाहेब म्हणाले.

पोस्टाच्या पेटीसमोर ते बराच वेळ पाकीट धरून उभे राहिले. रामकिसनराव ऐकतात त्याच बारकाईने वाचतही असतील, तर? मागून एक बाई म्हणाली, "टाकायचंय का नाय, बाबा?" लोकांचा खोळंबा नको म्हणून आप्पासाहेबांनी पाकीट सोडले. ते आत कुठेतरी तळाशी पडले. तो आवाज त्यांनी नीट ऐकला, आणि मग ते घाईघाईने घराकडे निघाले.